वाडा पाडताय? चिंच-राख बाजूला ठेवा, आधी झीज बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातला जुना मालगुजारी (म्हणजे जमीनदाराचा) वाडा पाडायला काढलाय. माळ्यावरून आणि देवघरातून निघालेल्या वस्तू अशा: पितळेची नि काशाची ढीगभर भांडी, दोन समया, एक खडबडीत हत्ती, बंगईच्या (झोपाळ्याच्या) चार कड्या, एक शिसवी पेटी, घड्याळ धरून उभी असलेली काळपट धातूची एक बाई, देवघरातल्या काही मूर्ती आणि पणजोबांचं एक मेडल. एक व्यापारी सगळं मिळून ४० हजारांना मागतोय. विचारणाऱ्या भाऊंना तीन गोष्टी हव्या आहेत: हा भाव बरोबर आहे का, साफसफाई कशी करायची, आणि पुढे यातूनच संग्रह उभा करायचा तर सुरुवात कुठून करायची.

मी भंडाऱ्याचा. आमचं भांड्याचं दुकान होतं, त्यामुळे माझी सुरुवात संग्राहक म्हणून झालेली नाही, मोड, म्हणजे भंगार भांडी, घेणाऱ्याच्या बाजूने झाली. स्टील खेड्यापाड्यांत शिरलं त्या वर्षांत बायाबापड्या डोक्यावर पितळेचे गुंड, गंज, परात अशी पाण्याची नि स्वयंपाकाची भांडी घेऊन यायच्या आणि स्टीलचा डबा घेऊन परत जायच्या. आलेली मोड पोत्यात मावावी म्हणून हातोड्याने चेपायची, हे काम माझं. चेपताना एखाद्या गुंडाच्या गळ्यावर ठोक्याने घातलेलं नाव दिसे. वडील म्हणत, ‘वाचत बसू नको, वजन कर.’ आज मी जे काही शिकलो ते त्यांच्या या वाक्याच्या बरोबर उलटं आहे, पण त्यात त्यांची चूक नव्हती. दुकान वजनावर चालायचं.

आधी ४० हजारांचं. हा भाव कमी की जास्त हे फोटोवरून मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यापासून चार हात दूर राहा. पण एक हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. किराणा दुकानाच्या काट्यावर नुसती भांडी मोजा. पितळ वेगळं, तांबं वेगळं, कासं वेगळं. तालुक्याच्या ठिकाणी दोन दुकानांत मोडीचा आजचा भाव विचारा आणि गुणा. माझा अनुभव असा की ‘सगळं मिळून’ अशी उचल मागणाऱ्याचा आकडा पुष्कळदा नुसत्या मोडीच्या भावाच्या आसपास असतो. समया, कड्या आणि पेटी त्याला वरकड म्हणून फुकट पडतात. त्यामुळे उचल देऊ नका. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणा. तो परत येतोच.

आता मुख्य गोष्ट. वस्तू किती जुनी, हा पहिला प्रश्न नाही. ती काय काम करत होती आणि त्या कामाने कुठे झिजली, हा पहिला प्रश्न. नव्याला जुनं करणारे कारागीर रंग आणतात, हिरवट डाग आणतात, खड्डे पाडतात. पण खऱ्या वापराची झीज त्यांना जमत नाही, कारण ते सगळीकडे सारखं घासतात. घर तसं घासत नाही.

तुमच्या बंगईच्या कड्या घ्या. प्रत्येक कडी दुसरीत अडकते तिथे आतल्या वळणावर बोट फिरवा. पन्नास-साठ वर्षं माणसं झुलली असतील तर धातू तिथे खोबणीसारखा खाल्लेला असतो, बाहेरच्या अंगाला मात्र मोराच्या पिसाऱ्याची रेघ अजून बोटाला लागते. सर्वांत वरची, आढ्याच्या हुकात अडकणारी कडी सगळ्यांत जास्त झिजलेली असते, कारण झुलण्याची बहुतेक हालचाल तिथे होते. बनावट कडीत मोर, हत्ती, बाहुली सगळं गुळगुळीत आणि अडकण्याची जागा मात्र गोलमटोल कोरी. असं दिसलं की समजा, ती मुरादाबादसारख्या ठिकाणच्या नव्या मालातली आहे. तो माल वाईट नसतो. फक्त तो जुन्याच्या भावाने घेऊ नये.

समयांचं तसंच. वात जिथे टेकते ती चोच बघा, मधल्या दांड्याचे आटे उघडून बघा. जुन्या समयांचे आटे हाताने पाडलेले असतात. दोन्ही समयांचे दांडे एकमेकींत बदलून बसवायचा प्रयत्न केला तर बहुधा बसत नाहीत, किंवा अर्ध्यावर अडकतात. आट्यांच्या खाचेत तेलाचा काळा चिकट राळेसारखा थर असेल तर तो काढू नका, तो त्या समईचा जन्मदाखला आहे. वरच्या हंसाचं नाक आणि डोळे पुसट झालेले असतील तर ते तुमच्या आजीने दर सणाला चिंच नि राख लावून घासल्यामुळे. बुडाखाली ओरखडे असावेत, पण सगळ्या दिशांना. एकाच दिशेने गोल गोल ओरखडे असतील तर ते लेथचे.

झीज वाचायची सगळ्यांत सोपी शाळा म्हणजे काशाची वाटी. तुमच्या ढिगात एखादी असेलच. तळपायाला तूप नाहीतर तेल लावून वाटीने घासायची आपल्याकडची रीत. अशी वाटी उपडी करा. तिचं बूड मधोमध चपटं आणि आरशासारखं गुळगुळीत झालेलं असतं, कड मात्र जशीच्या तशी. जेवणात वापरलेल्या वाटीत ही झीज उलटी, आतून. एकदा हे दोन्ही हातात घेतलं की बाकीचं आपोआप समजू लागतं.

धातूबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण बाजारात शब्दांचा फार घोळ आहे. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ, तांब्यात कथील मिसळलं की कासं, म्हणजेच ब्राँझ. पण ब्राँझ म्हणजे एकच धातू नव्हे. ताटवाट्यांच्या काशात कथील साधारण बावीस टक्के असतं. ते फिकट पिवळं दिसतं, वाजवलं की घंटेसारखं लांब गातं आणि दगडावर पडलं तर तडकतं. मेडलांच्या ब्राँझमध्ये कथील चार-पाच टक्क्यांच्या आसपास असतं. ते तपकिरी-लालसर, पडलं तर फक्त पोचा पडतो. पितळ वाकतं, चेपतं, तडकत नाही. ‘पंचधातू’ हा शब्द विक्रेत्याने उच्चारला की तिथून पुढे भाव वाढतो, एवढाच त्याचा अर्थ धरा. आपण ज्यांना सरसकट ब्राँझच्या मूर्ती म्हणतो त्यातल्या पुष्कळ पितळेच्याच असतात. आणि हो, यात सोनं मिसळलेलं असतं ही समजूत सोडून द्या. त्या समजुतीपायी किती चांगल्या मूर्ती मुशीत गेल्या.

घड्याळ धरलेली ती बाई. मालगुजारांच्या दिवाणखान्यांत असल्या युरोपी बाया हटकून असायच्या, शेजारी बेल्जियमचा आरसा आणि वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या ऑस्ट्रियन खुर्च्या. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत हे सगळं नागपूरच्या जुन्या सामानवाल्यांकडे उतरलं. तुमची बाई ब्राँझची असावी असं मला फोटोवरून वाटत नाही. अशा बहुतेक बाया जस्ताच्या ओतलेल्या आणि वरून ब्राँझचा रंग चढवलेल्या असतात. बुडाखाली न दिसणाऱ्या जागी सुईने बारीक ओरखडा मारा. आत पांढुरकं-राखाडी निघालं तर जस्त, पिवळसर-तांबूस निघालं तर ब्राँझ. नखाने टिचकी मारली तर जस्त ‘टप्प’ वाजतं. पायथ्याशी फ्रेंच सही असेल तर हुरळून जाऊ नका, सही साच्यातूनच येते आणि जस्तावरही येते. जस्ताची असली तरी ती टाकाऊ नाही. तुमच्या घराची आहे, तिचं घड्याळ चालत असेल तर मी तरी विकणार नाही. फक्त तिला डाग देऊन जोडायला कुणाकडे नेऊ नका. जस्त ४२० अंशालाच वितळतं आणि एका फटक्यात बाईचा हात गळून पडतो. हे मी पाहिलं आहे, हात माझ्याच बाईचा होता.

हत्ती मात्र मला आवडला. अंगभर दोऱ्यासारखे वळसे दिसतात, ते मेणाचे. आपल्या गडचिरोलीला लागून बस्तर आहे आणि कोंडागावचे घडवा कारागीर आजही असेच हत्ती घडवतात. मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या तारा गुंडाळून नक्षी, वर पुन्हा माती, मग भट्टी. मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू शिरतो. साचा फोडल्याशिवाय हत्ती बाहेर येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच. मेण गाळून ओतण्याची ही रीत चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सविस्तर आली आहे. तेव्हा कुणी तुम्हाला अगदी एकसारखे दोन ‘जुने आदिवासी’ हत्ती दाखवले, एकाच्या कानावरचा खड्डा दुसऱ्याच्या कानावरही तिथेच, तर ते ओतीव नकलेचे आहेत. नक्कल करताना मूळ हत्तीवरून साचा घेतात. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल मूळापेक्षा थोडी लहान निघते आणि रेघा बोथटतात. तुमच्या हत्तीच्या पोटाखाली भोक आहे का बघा. आत जळालेली काळी माती असेल तर ती राहू द्या. तो शंभर वर्षांचा नसेलही. बस्तरचं चांगलं नवं काम नवं म्हणून घ्यावं, कारागिराला त्याचे पैसे मिळतात आणि आपलीही फसगत होत नाही.

पेटीचं लवकर सांगतो. खिळे चौकोनी, ठोकीव आहेत की गोल तारेचे? गोल असतील तर पेटी किंवा निदान तिची दुरुस्ती अलीकडची. फळीच्या मागे करवतीच्या रेघा सरळ आणि कमीजास्त अंतराच्या असतील तर हाताची करवत, कमानीसारख्या वळलेल्या असतील तर गिरणीची गोल करवत. किडीची भोकं बघा. कीड लाकडात शिरते तेव्हा बाहेर फक्त गोल टिंब दिसतं. पृष्ठभागावर आडवी नळी उघडी पडलेली दिसली तर जुनं लाकूड नव्याने रंधून पेटी केली आहे. एकदा नागपूरला मी ‘दीडशे वर्षांची’ एक दिवाणखान्याची दिवट, म्हणजे दिवा ठेवायचा खांब, घेतली होती. घरी आल्यावर बैठकीखालचा स्क्रू दिसला, फुलीच्या डोक्याचा. असले स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. विकणारा तितका लबाड नव्हता, मीच बूड बघितलं नव्हतं.

आता वाचायची गोष्ट, जी माझे वडील नको म्हणायचे. भांड्यांवर नावं शोधा. गुंडाच्या गळ्याला, परातीच्या काठाखाली, गडव्याच्या (तांब्याच्या आकाराच्या लोट्याच्या) बुडाला. ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली मोडी किंवा बाळबोध अक्षरं जुनी. विजेच्या पेनाने सलग लिहिलेलं नाव नंतरचं. नावासोबत शके असेल तर त्यात ७८ मिळवा, फसली (महसुलासाठी वापरायचा सन) असेल तर ५९०. म्हणजे शके १८२५ किंवा फसली १३१३, दोन्ही १९०३ च्या आसपासचे. मालगुजारी घरांत फसली सन बराच चालायचा, हे लक्षात ठेवा, नाहीतर १३१३ वाचून कुणीतरी तुम्हाला यादवांच्या काळातली परात विकेल. मापं असतील तर आणखी सोपं. शेर-पायलीची मापं दशमान पद्धतीच्या आधीची, किलो लिहिलेलं माप १९५८ नंतरचं.

एका परातीवर माझ्याकडे असं आहे: एका बाईचं नाव, तिच्या सासरचं गाव, माहेरचं गाव आणि शके. लग्नातल्या आहेराची. ती परात वजनाने जेवढी, तेवढ्याच वजनाची बिननावाची परात मी तिच्याशेजारी ठेवली आहे. लोक नाव असलेलीकडेच जातात. म्हणून विकण्याआधी एक वही करा. प्रत्येक वस्तू कुठल्या खोलीतून निघाली, ती कोण वापरायचं, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तिच्याबद्दल काय आठवतं, आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला एक फोटो. आत्या असेल तर आधी तिला विचारा. आत्यांना सगळं आठवतं.

मग साफसफाई. इथे मला हात जोडून सांगायचंय: चिंच, लिंबू, आंबट ताक, बाजारातली पांढरी पावडर, यातलं काहीही लावू नका. आंबट लागलं की पितळेतलं जस्त वरच्या थरातून निघून जातं आणि वस्तू तांबूस, डागाळलेली दिसते. आपल्याकडे कुठलीही बाई सांगेल की ताक पितळी भांड्यात कळकतं. कळंक भांड्याचाच असतो, ताकाचा नव्हे. मी दहावीनंतरच्या सुट्टीत एक नक्षीचा पानाचा डबा चिंचेने लखलखीत केला. त्याच्या झाकणावर पुसट अक्षरं होती, ती त्या दिवशी गेली. काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही.

करायचं एवढंच. मऊ कोरडा ब्रश, जुना रंगाचा चालेल. धूळ चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटर, जे ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकायला कुठल्याही दुकानात मिळतं, त्यात भिजवलेला कापूस. लगेच पुसून उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळवायचं. हवं तर वर बिनरंगी मेणाचा अगदी पातळ हात.

काशावर किंवा ब्राँझवर फिकट हिरवं, पिठासारखं भुरभुरणारं काही दिसलं तर मात्र सावध. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर हा म्हातारपणाचा डाग, त्याला हात लावायचं कारण नाही. पिठासारखा हिरवा हा रोग. धातूत मुरलेल्या क्षारातलं क्लोराइड ओलसर हवेत पुन्हा पुन्हा धातू खात राहतं. आपल्याकडे तो उन्हाळ्यात झोपतो आणि आषाढ-श्रावणात जागा होतो. शंका असेल तर वस्तू एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, शेजारी ओला कापूस, पण वस्तूला न टेकता. दोन दिवसांनी नवं हिरवं पीठ दिसलं तर रोग जिवंत आहे. अशी वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कोरड्या डब्यात ठेवा, आणि मोलाची असेल तर तिच्यावर घरी प्रयोग करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचा वेगळा विभाग आहे, तिथे विचारा.

देवघरातल्या मूर्तींबद्दल माझं मत कडक आहे. त्या विकू नका, आणि संग्रह करायला लागलात तर दुसऱ्याकडून घेऊही नका, जोवर त्या कुणाच्या घरातून आल्या ते घरचं माणूस समोर बसून सांगत नाही. मंदिरातून चोरलेल्या मूर्ती याच बाजारातून फिरतात. कायद्याचंही आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती परात का असेना. जुन्या धातुमूर्तींची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते, आणि पुरावशेषांचा व्यापार करायचा तर परवाना. ‘अमेरिकेतल्या पार्टीला हवंय’ म्हणणारा आला तर चहा पाजून वाटेला लावा.

आणि पाया खोदताना किंवा नांगरताना काही निघालं तर तो मामलाच वेगळा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत दडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. १८७८ चा कायदा आहे, दहा रुपये त्या काळचे, पण अजून तेच. आपला मुलूख याबाबतीत श्रीमंत आहे. नागपूरजवळच्या माहूरझरीच्या शिळावर्तुळांत (दगडांची वर्तुळं रचलेल्या प्राचीन दफनांत) तांब्याच्या घंटा निघाल्या. रामटेकजवळच्या हमलापुरीला वाकाटक काळातल्या बुद्धाच्या धातुमूर्ती सापडल्या, अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनीला जैन मूर्तींचा साठा. या मूर्ती नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या सरकारी वस्तुसंग्रहालयात, पोचल्या म्हणून त्या कुठे, कशासोबत सापडल्या हे आज माहीत आहे. पलीकडे बालाघाटच्या गुंगेरियाला १८७० मध्ये तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पत्रे एका जागी मिळाले. त्यातली एक कुऱ्हाड गुपचूप विकली असती तर ती नुसतं मोडीचं तांबं होती, बस.

याच वाटेवर दोन भामटे भेटतील. एक म्हणेल, तुमचा जुना तांब्याचा गडवा भाताचे दाणे ओढून घेतो का पाहू, त्यात ‘इरिडियम’ आहे, कोट्यवधीला जाईल, फक्त तपासणीचा खर्च आधी द्या. ‘राइस पुलर’ नावाची ही ठगी गावोगाव चालते. तांबं भात ओढत नाही. दुसरा रामदरबार किंवा हनुमान असलेलं १८१८ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं दाखवील. कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत. दोघांनाही घराच्या आत घेऊ नका, ओसरीवरूनच रामराम.

पितळी बिल्ल्यांचंही तसंच. चपराशी, कोतवाल, गिरणी, रेल्वे यांचे बिल्ले जमवायला मजा येते आणि खेड्यात अजून मिळतात, पण नकलांचा सुळसुळाट आहे. खऱ्या बिल्ल्याची भोकं पट्ट्याच्या ओढीने लांबट झालेली असतात. पुन्हा झीजच. आणि साल तपासा: वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला १९०३ मध्ये, तेव्हा ‘सी. पी. अँड बेरार’ असं लिहिलेला १८८० चा बिल्ला कुणी दाखवला तर हसून परत द्या. रेल्वेचा शिक्का असलेले कंदील आणि बिल्ले घेताना कागद मागा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्यावर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथे चालत नाही.

शेवटी मेडल, ज्याच्यासाठी खरं तर मी एवढं लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय की ते ‘काळं पडलेलं, स्वस्तातलं’ आहे, एका बाजूला राजाचं डोकं, दुसरीकडे घोड्यावरचा उघडा माणूस आणि १९१४ व १९१८ हे आकडे. व्यापाऱ्याने त्याचे वेगळे दोनशे रुपये लावले. हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. ३६ मिलिमीटर व्यासाचं. ही मेडलं बहुतेक चांदीची काढली गेली, सुमारे ६५ लाख. तुमचं चांदीचं नाही, ब्राँझचं आहे, आणि म्हणूनच ते दुर्मीळ आहे. ब्राँझची सुमारे १ लाख १० हजारच निघाली, आणि ती लढणाऱ्या शिपायांना नव्हे तर मजूर पलटणींना मिळाली: चिनी, माल्टी, हिंदी. खंदक खणणारे, गोदीत ओझी उतरवणारे, रस्ते करणारे. चांदीची पुष्कळशी चांदीच्या भावाने वितळली. ब्राँझ वितळवून कुणाला फारसं काही मिळत नव्हतं, म्हणून तुमचं वाचलं.

तुमच्या घरात ‘पणजोबा लामावर (लढाईवर) गेले होते’ एवढंच सांगतात आणि ते शिपाई होते असं धरून चालतात. मेडल वेगळं सांगतंय. मालगुजाराच्या घरातला माणूस मजूर पलटणीत कसा गेला, की ते मेडल वाड्यावरच्या एखाद्या गड्याचं होतं आणि गहाण म्हणून माळ्यावर आलं, हे मला माहीत नाही. पण त्याचं उत्तर मेडलच्या कडेवर असू शकतं. त्या मेडलांच्या कडेला क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असते. इंग्रजी अक्षरांत, आणि आपली नावं कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली.

व्यापाऱ्याला ते देऊ नका. ब्रासोने चमकवू नका. वर फीत उरली असेल, अगदी दोन धागे, तरी तशीच राहू द्या. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, त्या प्लॅस्टिकमधून आंबटपणा सुटतो आणि धातू हिरवा पडतो. साधा स्वच्छ कागद बरा. कड जागोजागी घासून पातळ केलेली वाटते का ते सुताराच्या कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. जुनं नाव खरवडून नवं ठोकलं असेल तर तिथे जाडी कमी भरते.

कड वाचायला भिंगही लागत नाही. खोलीत अंधार करा, मेडल टेबलावर उभं धरा, टॉर्च कडेच्या जवळजवळ समांतर आडवा लावा म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते, आणि मोबाइलने थोडं थोडं फिरवत आठ-दहा फोटो काढा. कोळसा, शाई, हळद काही भरू नका. पहिल्या फोटोत आकडा आला पाहिजे, तिथून उजवीकडे. जे दिसेल ते जसंच्या तसं लिहून पाठवा, अर्थ लावू नका, एखादं अक्षर लागलं नाही तर तिथे टिंब द्या.